खडूचे चाळीस आकडे

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मालक. व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, पॅनेल कंपनीचे विक्री अधिकारी. आज निवृत्त होणारे आमचे मास्तर, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, आणि समोरच्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला भाषणाची सवय नाही. सांभाळून घ्या.

मास्तरांबद्दल मी काय बोलावं? प्राचार्यांशी भांडून, कॉलेज अर्धवट सोडून इथे आलो तेव्हा ते म्हणाले, "डोकं लवकर तापतं का तुझं? हरकत नाही, छतावर सगळ्यांचंच तापतं." तीन महिने नुसता मीटर धरायला लावला. प्रत्येक सोलर पॅनेल उन्हात धरायचं, मोजायचं आणि भरलेले वॅट पाठीमागे खडूने लिहायचे, पॅनेलवरची कंपनीची छापील चिठ्ठी काहीही सांगो. मास्तरांचा आकडा नसेल तर पॅनेल जिन्याची पायरी चढत नसे.

आत्ताच पाहुण्यांनी सांगितलं की पॅनेलचे भाव कोसळलेत आणि त्यांचा भाव सगळ्यांत खाली आहे. टाळ्या मीही वाजवल्या. भाव उतरलेत हे खरंच आहे, आणि मास्तरांना त्याचा केवढा आनंद! "पूर्वी डॉक्टरांच्या छतावर चढायचो, आता कंपाउंडरच्याही चढतो," म्हणायचे. फक्त एक विचारायचे, "भाव वॅटवर सांगतात ना? मग आधी वॅट मोजू दे की!" पाहुणे हसताहेत. हसा साहेब.

तो पडदा जरा कुणी सरकवेल का? ऊन कुठवर आलंय ते बघायचंय. साडेअकरा झाले. बरं.

मघाशी मालक म्हणाले, बावीस वर्षांत मास्तरांच्या खडूचा एकही आकडा चुकला नाही. अध्यक्ष महाराज, चाळीस चुकलेत. गेल्याच महिन्यात. ते मास्तरांचे नाहीत, माझे आहेत.

काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, मास्तर दोन दिवस रजेवर होते. याच सगळ्यांत स्वस्त मालातली चाळीस पॅनेलं प्रसूतिगृहाच्या छतावर चढवायची होती. मोजत बसलो असतो तर अख्खा दिवस गेला असता. आणि तिथल्या एका नर्सने... आता काय लपवायचं? आठ महिने मागे लागल्यावर तिने चार वाजता चहाला हो म्हटलं होतं. मी चिठ्ठीवरचे आकडे खडूने उतरवले. संशय नको म्हणून दोन-चार कमीजास्त केले. वळण हुबेहूब मास्तरांचं, त्यांचा तो ढेरपोट्या पाचसुद्धा. चहा छान झाला.

काल दुपारी ती म्हणाली, "वरून जळकट वास येतो रे." चढून पाहिलं. सात पॅनेलांच्या मागच्या, तारा जोडायच्या पेट्या इतक्या तापलेल्या की हात लाववेना. एकीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वाकलंय. मीटर लावला, तर पाचशेचं पॅनेल तीनशे साठ दाखवतंय. आणि बरोबर खाली नवजात बाळांची खोली आहे. काल ऊन उतरलं म्हणून निभावलं.

सकाळी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "पाहुणे आलेत, आत्ता गप्प बस. कार्यक्रम झाल्यावर बघू." पॅनेलं बंद करायच्या पेटीची किल्ली त्यांच्याच खिशात आहे. पण ऊन कार्यक्रम संपायची वाट बघतं का?

मग तिला फोन केला, बाळं दुसऱ्या खोलीत हलवा म्हटलं. ती रडवेली झाली. म्हणाली, "मेट्रनबाई ऐकत नाहीत. म्हणतात, पाठीमागे मास्तरांचे आकडे आहेत, मग कसली भीती?"

मास्तर, कानाखाली मारा, जन्मात तोंड बघू नका माझं. पण आधी मेट्रनबाईंना फोन करा. माझ्या शब्दाने तिथे कुणी हलणार नाही.

मास्तर उठलेत. गुच्छ काकूंकडे दिलाय. फोन लावताहेत.

आभारप्रदर्शनाचं काम माझ्याकडेच होतं. आपण सगळे आलात, ऐकून घेतलंत, उपकार आहेत. सगळ्यांत आधी सांगायचं ते सगळ्यांत शेवटी सांगितलं, कारण मी फार घाबरलो होतो, अजूनही घाबरलोय. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पोटात घाला. खडूने लिहिलेल्याची मात्र माफी मागत नाही. ते पुसायला निघालोय.

मालक, किल्ली द्या.