अठरा चौरस किलोमीटरचा फरक

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको बसले होते. परदेशातल्या नोकरीसाठी त्यांच्या नर्स मुलीची तपासणी आत चालली होती.

"अहो, पोरीला नोकरी देत होते त्या दोन देशांतला मोठा कुठला?"

"माल्टा तीनशे सोळा चौरस किलोमीटर, मालदीव दोनशे अठ्ठ्याण्णव. फरक अगदी किरकोळ. म्हणून तर मीच तिला म्हटलं, मालदीवला पगार जास्त आहे, देऊन टाक होकार."

"पण तो सगळा एकसंध आहे ना?"

"नाही, हजारभर बेटं आहेत."

"मग तिच्या वाट्याला केवढं येणार?"

"या टोकाला उभं राहिलं की ते टोक दिसेल, एवढं. पण पाणी काय निळंशार आहे गं!"

"पाण्याचं कौतुक मला नका सांगू. ते चढलं तर पोरगी पळेल कुठे?"

"उंचावर जाईल की."

"किती उंच आहे तिथे?"

"ते नाही बघितलं."

"बघितलं नाही?"

"जन्मभर फरशा बसवल्या मी. लांबी बघतो, रुंदी बघतो. फरशीला उंची कुठे असते?"

"आता बघा मोबाईलमध्ये."

"बघतोय."

"माल्टाला टेकड्या आहेत?"

"आहेत."

"आणि हिच्या तिथे?"

"हे आपल्या डोक्यावरचं छत आहे ना... जवळजवळ सगळा देश त्याच्या खालीच आहे."

तपासणीच्या खोलीचं दार उघडलं.

"बाबा, झाली तपासणी! सगळं ठीक आहे म्हणाले, आता फक्त तिकीट यायचं. आई? अगं, अशी वर काय बघत बसलीयेस?"