नानांच्या नकाशातली विहीर

नमस्कार. मागच्यांनी जरा पुढे या हो, इथे खुर्च्या रिकाम्या आहेत. पुढच्या रांगेत बसायला आपली माणसं लग्नातही लाजतात, आज तर काय.

माझ्याआधी तिघं बोलले. किती नीट बोलले! नाना शिस्तीचे होते, नाना सच्चे होते, भूमापन कचेरीत जन्मभर नकाशे काढले पण एक रेघ इकडची तिकडे केली नाही. मी तिथे बसून मान हलवत होते. आणि आतून मला घाम फुटत होता. कारण ती इकडची तिकडे झालेली रेघ माझ्या या पिशवीत आहे.

थांबा. असं एकदम से सांगितलं तर तुम्हाला काही कळायचं नाही. मलाच अजून कळलेलं नाही. पहिल्यापासून सांगते.

मी सुमन. इथल्या निम्म्या लोकांना मी शाळेत भूगोल शिकवलाय, तेव्हा ओळख पुरे. नानांकडे मी पहिल्यांदा गेले ती वर्गासाठी भिंतीवरचा नकाशा मागायला. त्यांनी मला बसवलं, कपाटातून एक गुंडाळी काढली, टेबलावर उलगडली आणि चार कोपऱ्यांवर चार पितळी वजनं ठेवली. सराफ्यातली जुनी वजनं होती ती. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, "आधी कागद बसू दे."  कागद हळूहळू सपाट झाला. मग म्हणाले, "हं, आता बोल. हे आपलं लष्कर."

अहो, मी आपल्या या लष्कर शहरात जन्मले, इथेच वाढले. पण लष्कर म्हणजे छावणी, हे मला त्या दिवशी दिसलं. दक्षिणेतून आलेली फौज इथे तंबू ठोकून बसली आणि उठायचं विसरली. आज पाटणकर बाजारात आपण जिथे साड्या बघतो, तिथे त्या नकाशात घोडे बांधलेले. एक गल्ली उगीचच वाकडी आहे ना, तिथे नानांनी बोट ठेवलं. म्हणाले, "तोफा ओढणाऱ्या बैलांना पाण्यावर न्यायची वाट होती ही. बैल कधी सरळ चालतात का?" त्या दिवसापासून मी त्या गल्लीतून सरळ चाललेच नाही. मतलब, चालते, पण मनात बैल असतात.

मग दर रविवारी मी नानांकडे. त्यांनी मला मोडी वाचायला शिकवली. दुसऱ्या नकाशांवर नक्कल कशी करतात ते दाखवलं. मूळ नकाशावर तेलकट पारदर्शक कापड पसरायचं आणि खाली दिसेल तसं वर उतरवायचं. खाली चूक असेल तर वर चूक. अशाच एका नकाशात दोन मोहल्ल्यांची नावं अदलाबदल झालेली होती. मी म्हटलं, "नाना, नक्कल करताना सुधारून टाका ना." असे चिडले! "मक्षिकास्थाने मक्षिका. मुळात मेलेली माशी चिकटलेली दिसली तर नकलेतही माशीच काढायची. चूक सांगायची असेल तर वेगळ्या कागदावर लिही, खाली आपली सही कर. नकाशाला हात लावायचा नाही. नकाशात आपल्या मनचं घालणारा माणूस म्हणजे ताटात हात धुणारा." आणि नक्कल झाली की उजव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरात लिहायचे, "नक्कल बरहुकूम अस्सल." म्हणजे अस्सल नकाशा जसा, नक्कल तशी. खाली सही. कपाटातल्या एकूण एक नकलेवर ही ओळ आहे. चार दिवस मी तेच बघत बसलेय.

काय सांगत होते मी? हां. आई.

माझ्या आईला इथले जुने लोक आक्का म्हणायचे. आक्काच्या आजीचं नाव काशीबाई. आक्का जन्मभर सांगत आली की माझ्या आजीनं पाटल्या मोडून पाटणकर बाजाराच्या मागे विहीर खणली, लिंबाच्या झाडाशेजारी, आणि सगळी आळी तिथलं पाणी प्यायली. घरात कोणी तिचं ऐकलं नाही. मामा हसायचे, वडील हसायचे. "आली आक्काची विहीर!" म्हणायचे. दिवाळीला सगळे जमले की एकदा तरी व्हायचं ते. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा हसले आहे. आक्का मग उठून स्वयंपाकघरात जायची.

ती आजारी पडली, शेवटचं आजारपण. आणि रोज मला एकच विचारायची, "सापडली का गं?" मी नानांकडे गेले. म्हटलं, "नाना, तुमच्या त्या जुन्या नकाशात बघा ना." नाना म्हणाले, "नकाशात जे आहे तेच सापडतं, सुमन." मी रडले त्यांच्यासमोर. म्हटलं, "काहीही करा, पण बघा." हे शब्द माझे आहेत. काहीही करा. हे नीट लक्षात ठेवा, कारण मी विसरू शकत नाहीये.

आठ दिवसांनी नाना आमच्या घरी आले. हातात नक्कल, खिशात चार वजनं. आक्काच्या पलंगावरच उलगडली. म्हणाले, "आक्का, हे बघा. लिंब. आणि लिंबाशेजारी हे काय लिहिलंय? काशीबाईची विहीर." आक्कानं त्या गोल खुणेवर बोट ठेवलं. ते बोट तिनं किती वेळ उचललंच नाही. मग सगळ्यांकडे बघून म्हणाली, "मी म्हणत नव्हते?" बस, एवढंच. मामा मान खाली घालून उभे होते. ती पंधरा दिवसांनी गेली. खरी ठरून गेली.

त्यानंतर मी काय केलं माहीत आहे? त्या नकलेची झेरॉक्स काढली आणि दर वर्षी नववीच्या मुलींना घेऊन त्या गल्लीत गेले. सांगितलं, मुलींनो, इतिहासात बायकांची नावं सापडत नाहीत असं म्हणतात, हे बघा सापडलं. इथे बसलेल्यांपैकी कोण कोण आलं होतं माझ्याबरोबर? हात वर नका करू. मला बघवणार नाही.

आता नाना गेले. सगळे नकाशे संग्रहालयाला द्यायचे, ही त्यांची इच्छा. आवरायला मी आणि नानांची नात सई बसलो. लष्कराचा मूळ नकाशा मी पाहिला होता तो एकदाच, पहिल्या दिवशी, तेव्हा मला मोडीचं एक अक्षर येत नव्हतं. पुढे नाना म्हणायचे, अस्सल आता तडकतो, उघडायचा नाही, नकलेवर काम कर. तर नकलेच्या गुंडाळीच्या आतच अस्सल निघाला. आम्ही दोन्ही शेजारी उलगडले. सईनं एकावर बोट ठेवलं, दुसऱ्यावर ठेवलं. म्हणाली, "सुमनआत्या, इसमें तो कुआँ है ही नहीं. बघ ना, लिंब आहे, बाजूला कोरी जागा आहे बस."

लिंब आहे. विहीर नाही.

मी चष्मा पुसला. भिंग आणलं. कागद उजेडात धरला, कुठे खोडल्याची खूण दिसते का ते पाहिलं. काही नाही. ज्या माणसानं मेलेली माशीसुद्धा सोडली नाही, त्यानं विहीर काढली. माझ्या आईसाठी. मी काहीही करा म्हटलं म्हणून.

नानांच्या पत्नी, आपल्या काकू, तिथेच शेंगा सोलत होत्या. त्यांना विचारलं. म्हणाल्या, "त्या आठवड्यात त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं गं. वरणात मीठ घालायचं राहिलं तरी बोलले नाहीत. मी समजले, काहीतरी झालंय." एवढं बोलून परत शेंगा.

मला राग आला. हो, शोकसभेत उभी राहून सांगते, मला नानांचा राग आला. इतक्या मुली, इतकी वर्षं, माझ्या तोंडून खोटं वदवलंत? आणि मग वाटलं, राग कुणाचा करतेस बाई? मागितलं कोणी? आणि मग आक्काचं ते बोट डोळ्यासमोर येतं आणि मला काही म्हणजे काही सुचत नाही. तुम्हीच सांगा, ते चूक होतं का? मी त्या जागी असते तर? मला रेघ मारता येत नाही, म्हणून मी खरी आहे का?

आणि अजून एक आहे. परवा मी त्या गल्लीत गेले. लिंब केव्हाच गेला. तिथे एका साडीवाल्याचं गोदाम आहे. नकलेत जिथे ती गोल खूण आहे, बरोब्बर तिथे फरशी खाली बसलेली. मी विचारलं, ही अशी कशी? तो म्हणाला, "बहनजी, हर बरसात में धँस जाती है. कितना भी मलबा डालो, नीचे चला जाता है. एक बुज़ुर्ग पहले भी आते थे, छड़ी से ठोक के देखते थे."

काठीनं जमीन ठोकून बघणारे म्हातारे. आपले नानाच, दुसरं कोण? ते मला नेहमी म्हणायचे, "नकाशात नाही म्हणजे जमिनीवर नव्हतं, असं समजू नकोस. काढणाऱ्याला जे दाखवलं तेच त्यानं काढलं." मग त्यांनी खरी विहीर खोट्या नकाशात घातली का? की आधी घातली आणि मग जन्मभर काठी ठोकत खरी आहे का ते बघत राहिले? कळत नाही. विचारायला माणूस नाही. कपाटं भरून कागद ठेवलेत, आणि या एका गोष्टीची चिठ्ठी नाही.

संग्रहालयाची माणसं सोमवारी येणार. घरच्यांनी मला सांगितलं, सुमनताई, काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा. ही नक्कल फाडली तर नाना सच्चेच राहतात. कुणाला कळणार नाही. सई बोलणार नाही. काल मी खरंच ती नक्कल हातात घेऊन उभी होते.

तेव्हा माझं लक्ष उजव्या कोपऱ्याकडे गेलं. कोपरा कोरा आहे. "बरहुकूम अस्सल" नाही, सही नाही. सगळ्या कपाटात ही एकच नक्कल अशी. त्यांनी विहीर काढली, पण ती अस्सल आहे असं लिहिलं नाही. आणि दोन्ही एकात एक गुंडाळून ठेवले, कुणालातरी दिसावेत म्हणून. ते कुणीतरी म्हणजे मीच, एवढं तरी मला कळतं.

म्हणून मी दोन्ही देणार आहे. आणि नानांनी शिकवलं तसं वेगळ्या कागदावर लिहून, दोऱ्यानं नकलेला बांधून. वाचून दाखवते. "मूळ नकाशात ही विहीर नाही. माझ्या आईच्या सांगण्यात आहे. माझ्या विनंतीवरून नानांनी ती इथे काढली. त्या जागी जमीन अजून खचते." खाली माझी सही. ज्या मुलींना मी तिथे नेलं, त्यांनी येऊन हे वाचावं. मामा असते तर त्यांनाही दाखवलं असतं, मग खुशाल हसले असते. आणि आक्का, तुझी माफी मागते. मी तुझं बोट पुसत नाहीये गं.

सई, जरा ये. ते टेबल इकडे घे. वजनं आण.

नाना, तुमचा नकाशा उघडतेय. मंडळी, आता कृपा करून उभे राहा. घड्याळाकडे बघायचं नाही. कोणी बोलायचं नाही.

आधी कागद बसू दे.