न चाखलेली आमटी

बायांनो, बाप्यांनो, मागच्या खांबाला टेकलेल्या आजोबांनो – आलात सगळे? देहानं आलात, ते दिसतंय मला! मनानं किती जण आलात? त्या पिवळ्या पातळातल्या वहिनी अजून घरचा गॅस बंद केला की नाही, ह्यातच आहेत. केलाय हो! बसा निवांत.

तर प्रश्न असा – हात इथे, जीव भलतीकडे, अशी केलेली सेवा देवाला पोचते का? आणि त्याहून अवघड म्हणजे, करणाऱ्याला तरी पोचते का?

ऐका. वाशिष्ठीच्या काठी एक गाव, गावात वाघजाईचं देऊळ. देवळाचे गुरव दत्ताराम, त्यांची बायको मंजुळा. दर मंगळवारी देवीचा नैवेद्य मंजुळेनं रांधायचा. आता नैवेद्य देवीच्या आधी जिभेला लावायचा नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मग मीठ पडलं की नाही, कळायचं कसं? हातालाच कळायला हवं!

पण त्या वर्षी मंजुळेचं काहीतरी बिनसलं. सकाळी डोळा उघडला की छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. दत्तारामांना उशीर झाला – पडले असतील! पुण्याच्या मुलाचा फोन नाही – काहीतरी झालंच! कारण विचाराल, तर काही नाही. ताप आलेल्या माणसाकडे आपण पुरावा मागत नाही. मन आजारी पडलं की मात्र लगेच, ‘तुला काय कमी आहे गं?’ तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या, त्या ती घेत होती. पण अंथरुणातून उठायची ती एकाच ओढीनं – मंगळवारचा नैवेद्य!

आणि आला देवीचा उत्सव. मंजुळा आमटी करतेय – हात पातेल्यावर, जीव पुण्यात! मीठ घातलं. घातलं का? काही आठवेना. चाखायची सोय नाही. परत घातलं!

गाव जेवायला बसलं. पहिला भुरका – आणि सगळी पंगत गप्प! प्रसादाला नाव कोण ठेवणार? इकडून “पाणी वाढा!” तिकडून “पाणी!” सरपंचांनी तर तांब्याच तोंडाला लावला! पण खारट म्हणाल? एक शब्द नाही. मंजुळा शेवटी पानावर बसली, घास घेतला, आणि तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. म्हणाली, “आता नैवेद्याला दुसरं कुणी बघा. माझ्या हाताचं देवीला नको.”

दत्ताराम घाबरले. हे एक सुटलं, तर ही उठणार कशासाठी? धावत गेले आपल्या गोदाआत्याकडे. आत्या आली, मंजुळेच्या उशाशी बसली.

“मंजुळे, आमटी खारट होती गो.”

मंजुळेला रडूच फुटलं. “अख्ख्या गावात तुम्हीच बोललात, आत्या.”

“गावाला भक्ती आहे, मला ब्लडप्रेशर! आता सांग, काय होतंय तुला?”

इतक्या महिन्यांत घरात-गावात हे कुणी विचारलंच नव्हतं, मंडळी! मंजुळेनं सगळं सांगितलं. आत्यानं मध्ये एकदाही उपदेश केला नाही – आम्हा कीर्तनकारांना जमायचं नाही ते!

मंगळवारी आत्यानं तिला हाताला धरून चुलीपाशी आणलं आणि स्वतः शेजारी पाट टाकून बसली. “मी हात लावणार नाही. मीठ कसं आहे?”

“मिठासारखं!”

“बघून सांग.”

मंजुळेनं बरणीत बोटं घातली. “जाडं आहे... गार. दमट झालंय, चिकटतंय.”

“घाल आता. पडताना बघ.”

“मन पळतंय हो आत्या.”

“पळू दे. म्हैस शेजारच्या परसात शिरली तर छाती बडवत बसतेस? ‘चल गं बाई’ म्हणून वळवून आणतेस ना? तसं आण. परत जाईल. परत आण.”

पुढच्या मंगळवारी मंजुळा एकटी. आमटी उकळतेय, आणि आली शंका – मीठ घातलं का? हात बरणीवर गेला. थांबला. तिनं बोटं पाहिली – नखाच्या कडेला मिठाचा ओला कण. आणि आठवलं, मीठ पडताना आमटी फसफसून वर आली होती. आपण पाहिली होती! तिनं बरणीला झाकण लावलं.

देवीला नैवेद्य दाखवला, मग आत्याला वाढलं. आत्या जेवत राहिली. मंजुळेचा जीव टांगणीला.

“आत्या, कशी झालीय?”

“आमटी वाढ अजून.”

छातीवरचा पाटा उतरला का? सगळा नाही. गोळ्या चालूच राहिल्या. पण मीठ घालण्याएवढा वेळ तो छातीवर नव्हता. मग भांडी घासतानाही थोडा वेळ नव्हता. हळूहळू मुलाचा फोन आला नाही, तर आला नाही एवढंच राहू लागलं. ज्या दिवशी तेवढ्यावर राहायचं नाही, त्या दिवशी ती आत्याकडे जाऊन बसायची.

आता आरती झाली की तुम्हीही पंगतीला बसाल. मोबाईल खिशात ठेवा. पहिला घास जीभ जागी ठेवून खा. आणि आमटी खारट लागली, तर नुसतं पाणी मागू नका! उठा, आत जा. पातेल्याजवळ जी बाई उभी असेल तिचा हात धरा, आणि विचारा – काय होतंय तुला?