खिडकीजवळची जुनी खुर्ची

सासरे: तो स्क्रू ताटलीतच ठेव, हरवला तर पंखा गेला कामातून. आणि आज भरदुपारी घरी कशी तू?

सून: अर्धी रजा टाकली. बाबा, हातातला पाना जरा खाली ठेवता का?

सासरे: मी कानांनी ऐकतो, पान्याने नाही. बोल.

सून: मी डेटा सायन्स सोडायचं म्हणतेय. परत अ‍ॅनालिटिक्सला जाईन म्हणते, आकडे तपासायच्या जुन्या कामावर.

सासरे: काढलं का तुला?

सून: नाही हो. उलट परवा टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. दवाखान्यासाठी कॉम्प्युटरवर मॉडेल केलं होतं ना मी, दिलेल्या वेळेला कोण पेशंट येणार नाही ते आधीच सांगणारं? ते शंभरातले अठ्ठ्याण्णव बरोबर सांगत होतं.

सासरे: मग पेढे वाटायचे सोडून तोंड का असं?

सून: एवढं बरोबर येतं कसं, म्हणून मनात पाल चुकचुकली. खोदत बसले. माहितीत एक रकाना होता, पेशंटला फोन केला की नाही त्याचा. आणि फोन करतात कुणाला? जो आला नाही त्याला. म्हणजे माझ्या मॉडेलला परीक्षेआधीच उत्तरं मिळाली होती.

सासरे: कॉपी केली म्हण की.

सून: मीच चिठ्ठी पुरवली. आज बैठकीत उभं राहून सांगितलं सगळ्यांना. आमचे साहेब हसले. म्हणाले, ही चूक या धंद्यात प्रत्येकाची एकदा होते, रकाना काढ आणि कर पुन्हा.

सासरे: मग सोडायचं खूळ कुठून आलं?

सून: पुन्हा करायचा कंटाळा आला, बाबा. पण ते खोदणं... त्यात मला जेवायची शुद्ध नव्हती. सकाळी पहिल्या वेळेला जे येत नाहीत, त्यातले बरेचसे पलीकडच्या वसाहतीतले निघाले. तिथली पहिली बसच त्या वेळेनंतर सुटते. बिचारे येणार कसे? हे शोधायला मॉडेल कशाला हवं? हे माझं जुनंच काम. झालं काय आणि का झालं, ते बघायचं. पुढचं सांगायला मला नाही आवडत. दीड वर्ष ओढूनताणून करतेय.

सासरे: हे नवऱ्याला सांगितलंस?

सून: आधी तुम्हाला. मी शिकत होते तेव्हा आपल्या चिमणीला शाळेतून आणणं, तिचा अभ्यास, सगळं तुम्ही काढलंत. ते पाण्यात गेलं म्हणाल, अशी भीती वाटत होती.

सासरे: पाण्यात कसं? वेण्या घालायला शिकलो मी या वयात. आणि तुला खरं सांगू का? माझी बागेतून सुटका केलीस.

सून: बागेतून?

सासरे: सून सायंटिस्ट झाली, पुढचं सांगते, असं बोलून बसलो तिथल्या मित्रांपुढे. तेव्हापासून एकजण विचारतो त्याच्या नातीचं लग्न कधी जमेल, दुसरा विचारतो गुडघा कधी बरा होईल. मी म्हणतो विचारून सांगतो, आणि बाक बदलतो. आता बाकही उरले नाहीत.

सून: अहो, मग बोलायचं ना मला.

सासरे: तू कुठे बोललीस? घरात हसणंच बंद झालं होतं तुझं. पण जुनी जागा रिकामी आहे का?

सून: तेच तर. जुन्या मॅडमना विचारलंय. दुसरं कुणी घेतलं असेल, तर मी ना इकडची ना तिकडची. त्या फोन करते म्हणाल्यात.

(फोन वाजतो. सून बाहेर जाऊन बोलून येते.)

सासरे: काय म्हणतात?

सून: दोघंजण ठेवून बघितले म्हणाल्या, दोघंही तक्ते काढून देत, पण 'का' विचारत नसत. एक तारखेपासून ये म्हणाल्या. खिडकीजवळची खुर्ची तशीच आहे, फक्त तिच्यावर फायली ठेवल्यात.

सासरे: बस आधी. पाणी पी. रडतेस कशाला?

सून: रडत नाहीये. मोकळं वाटतंय.

सासरे: बरं, तो स्क्रू दे इकडे. हं, लागला.

सून: चालेल का पंखा आता?

सासरे: मला कशाला विचारतेस? बटण दाब, बघू.