दुमडलेला रेणू

तुम्हाला सांगते, माझी पीएचडी माझ्या आत्याने वाचवली. विजेने ढकललेला रेणू वायूच्या गर्दीतून किती वेगाने सरकेल, हे मी कॉम्प्युटरवर मोजते. पण माझा रेणू लॅबच्या मशीनमधल्या खऱ्या रेणूपेक्षा कायम मागेच पडायचा. वैशाखऱ्याला, गावच्या घरी बसून आठवडाभर डोकं फोडलं. शेवटी आत्या स्क्रीनवर डोकावली.

"गो, याला गर्दीतनं जायचाय ना? मंग असा हातपाय पसरून कशाला सोडलास? आवरून घे ना त्याला!"

मी रेणू दुमडला आणि आकडे जुळले! व्हिडिओ कॉलवर सर एकदम खूश.

"कल्पना कुणाची?"

"आत्याची, सर."

"अरे वा! कुठल्या संस्थेत असतात त्या?"

आत्याने मागून तोंड घातलं, "दूध संस्थेत. पण सकाळी सातच्या आत या हां, मंग मी नाय भेटत."