निरंक

नाही वहिनी, रागावू नका — नक्कल देतो म्हणजे असलेल्या नोंदीची देतो, नसलेल्या नोंदीची नक्कल कुठून आणू? बसा आधी. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय कधीपासून रजेवर आहे — हे स्टूल घ्या. तुमचं म्हणणं कळलं मला. तुमचे यजमान त्या दिवशी पंपघरात ड्यूटीवर होते, सकाळी दाब वाढला, त्यांनी पॅनेलवरचं बिघाडाचं बटण तीनदा दाबलं, कोणी आलं नाही, पाइप फुटला आणि फिटरचा पाय गेला. बरोबर? आणि चौकशीत काय निघालं? फाइलीत त्या तारखेला पंपघरापुढे — निरंक. म्हणजे काही नाही. खबर दिली नाही असा अर्थ काढला त्यांनी आणि माणूस घरी बसवला. शुक्रवारी अपिलाची मुदत संपते हेही माहीत आहे मला, तो आदेश टंकायला माझ्याकडेच आला होता.

वही आणलीत? दाखवा. दहा चाळीस, दहा बावन्न, अकरा पाच. अक्षर काय सुंदर आहे हो. आम्ही त्यांना ‘घड्याळ’ म्हणायचो, माहितीये ना? ते आले की लोक आपली घड्याळं लावून घ्यायचे. पण ह्या वहीला काही किंमत नाही, वहिनी. हाताने लिहिलेली नोंद पुरावा धरू नये असं परिपत्रक आहे — कोणी काढलं? मसुदा माझाच. चांगला उतरला होता, तीन ठिकाणी ‘सबब’ होतं त्यात.

कसं झालं सांगतो, म्हणजे तुमचा गैरसमज जाईल. मी मूळचा आवक विभागातला. तीस वर्षं खिडकीत बसून आलेला कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, नंबर टाकायचा. मग ही यंत्रं आली. साहेब म्हणाले, नोंद ती नोंद, कागदाची काय आणि कॉम्प्युटरची काय, तुम्हीच बघा. लॉग कलेक्टर म्हणाले त्याला — मला क्षणभर वाटलं बढतीच मिळाली. तर हा कलेक्टर म्हणजे एक प्रोग्राम. पॅनेलचा प्रोग्राम त्याच यंत्रात, हाही त्याच यंत्रात. पॅनेलने सांगायचं, ह्याने लिहून घ्यायचं, आणि लिहून झालं की मग अभियंत्याच्या टेबलावर घंटा वाजायची. आता एकाच घरातल्या दोघांना बोलायला टपाल लागतं का? नाही लागत. त्यांच्यासाठी आतल्या आत एक खिडकी असते, तिला सॉकेट म्हणतात. बाहेरची वायर नाही, काही नाही. खिडकी कुठे ठेवायची आणि तिच्यातून कागद कोणी सरकवायचा, एवढं एका फाइलीत लिहायचं. सहा ओळी. सहाच. पुस्तक उघडं ठेवून मी त्या स्वतः लिहिल्या, आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी घरी जाऊन मी हिला म्हटलं, अगं, ह्या वयात नवीन विद्या आली हो. ती म्हणाली, मग आता गिझर दुरुस्त करा.

तर ती शेवटची ओळ — खिडकीला हात कोणी लावायचा. पुस्तकात लिहिलं होतं, सगळ्यांना मुभा द्या किंवा पॅनेलच्या खात्याला, म्हणजे यंत्रातल्या त्याच्या लॉगिनला, तरी द्या. सगळ्यांना? तीस वर्षं मी माझ्या रजिस्टरला साहेबांनासुद्धा हात लावू दिला नाही. रजिस्टर ज्याच्या ताब्यात, त्याचाच हात — नियम आहे तो. मी मुभा फक्त माझ्या खात्याला ठेवली. मग चाचणी घेतली. घेतली ना! न तपासता सोडणाऱ्यातला मी नाही. ‘चाचणी नोंद क्रमांक एक’ असं पाठवलं, लगेच उमटलं. कोणी पाठवलं? मीच. माझ्याच खात्यातून. मीच दिलं, मीच घेतलं, मीच पोच दिली — आणि त्याच आठवड्यात कागदी रजिस्टर बंद केलं.

पॅनेलचा प्रोग्राम तिकडून येत होता आणि खिडकीवरून परत जात होता. तक्रारसुद्धा नाही केली त्याने. कागद परत केला तर माणूस निदान भांडतो, वहिनी, बाहेर उभं राहून चार शिव्या देतो. हा गप्प. अकरा महिने पंपघर निरंक. मी दर महिन्याला अहवाल पाठवायचो — निरंक, निरंक, निरंक — आणि वरून शेरा आला, ‘कामकाज समाधानकारक’. कुणाला शंका आली? इतकी जुनी यंत्रं, अकरा महिन्यांत एक खोकला नाही, कुणी विचारलं? मी विचारलं? निरंक अहवालासारखं सुख नाही हो नोकरीत. वाचायला लागत नाही.

फिटरच्या पायाबद्दल मी काही बोलत नाही. त्याचा ह्याच्याशी — घंटा वाजली असती तर अभियंता पोचला असताच असं कोण म्हणेल? तो चहाला गेला असेल. जातो तो.

काय म्हणालात? कधी कळलं.

कळलं म्हणजे — पहिल्या सुनावणीला घड्याळ माझ्याकडे वळून म्हणाले, “भाऊ, एकदा परत बघा ना. मी बटण दाबलंय.” सगळ्यांसमोर. मी म्हटलं, निरंक आहे. पण ते बोलणं डोक्यातून जाईना, कारण हा माणूस कधी खोटं बोलत नाही, बोलला असता तर इतका साधा राहिला नसता. म्हणून नंतर पॅनेलच्या खात्यातून मी स्वतः एक नोंद पाठवून बघितली. परवानगी नाकारली, असं आलं. दोनच शब्द. त्या शेवटच्या ओळीतला एक आकडा बदलला आणि दुपारपर्यंत पंपघराचे त्याच दिवसाचे सात बिघाड धडाधड आत आले; आधीचे परत गेले ते गेलेच. सात. साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, “आता चालतंय ना?” चालतंय म्हटलं. “मग झालं.”

दुसरी सुनावणी? नाही, तेव्हा व्हायची होती. चार दिवसांनी झाली. हो, होतो मी. मला पुन्हा विचारलं, नोंद आहे का. आता प्रश्न एवढाच होता, वहिनी — नोंद आहे का? नोंद नाही. मी खोटं बोललो नाही. का नाही हे त्यांनी विचारलं नाही. मला निवृत्तीला पाच महिने राहिलेत. मी तोंड उघडलं असतं तर घड्याळ परत आले असते असं वाटतं तुम्हाला? आम्ही दोघंही गेलो असतो. इथे चूक उघडी पडली की घरी बसणारा माणूस वाढतो, कमी होत नाही.

अशा बघू नका. एक ओळ लिहून द्या म्हणता — एका ओळीने काय होणार? आणि मी लिहीन असं तुम्हाला वाटलंच कसं? फाटकावर नाव लिहू नका, मागच्या दाराने या, असा निरोप मी का दिला असेन? तुम्ही अपिलात माझं नाव घातलंत तर मी म्हणणार, ह्या बाई इथे आल्याच नाहीत. विचारा गेटवर.

घ्या ती वही. हातात धरून बसू नका, घाम लागतो आहे तिला. नाही, माझ्याकडे नको, मी ठेवून काय करू? सांगतोय ना, नको म्हणून. निघा आता. आणि घरी विचारलंच त्यांनी, तर सांगा — माणूस जागेवर नव्हता.