हलीमा आजीची सात पावलं

नाई पण तुमीच सांगा, चार वर्षं मी अमरावतीले नर्सिंग शिकली, त्यात टांझानियाची आजी कशी उठवाची हा धडा होता का? नव्हता न बाप्पा! आमच्या अकोल्याच्या दवाखान्यानं बाहेर हे एवढी पाटी लावली, 'परदेशी रुग्ण विभाग'... अन् आतमंधी विभाग म्हणजे कोण? मी! वर्षाली सिस्टर, हिवरखेडची, अन् संगं भाषांतर करणारा एक मोबाईल!

तं हलीमा आजी. दोन्ही गुडघे नवेकोरे, ऑपरेशन झकास, पण आजी भेवानं उठतच नाई! लेक गेला मुंबईले व्हिसाच्या कागदासाठी. डॉक्टर साहेब म्हणे, "सिस्टर, आज उभी झालीच पाहिजे. पायात रक्ताची गाठ झाली तर जीवावर येईल!" म्हणे अन् गेले. राहिलं कोण? मी! मोबाईलमंधी बोलली, "आजी, उठा न." थो मोबाईल तिच्या भाषेत काय बोलला देव जाणे, आजीनं पांघरूणच डोक्यावर घेतलं! पुस्तकात हाय का हे?

तेवढ्यात मायी माय, बेबीताई, गावाहून भाजीची थैली घेऊन हजर. "काहून वं, तोंड पाडून बसली?" अन् बसली खिडकीपाशी चवळीच्या शेंगा मोडत. पाहते तं आजीचं पांघरूण हळूच खाली! आजी तिकडं बाजारात भाजीच इकते, लेकानं सांगतलं होतं मले. म्या मायच्या कानात म्हटलं, "शेंगा चुकीच्या मोड."

"मी? चाळीस वर्षं झाले मले..."

"मोड म्हणते न!"

माय जून शेंगा अख्ख्याच भाजीत टाकाले लागली, कवळ्या खाली फेकाले लागली... आजीच्यानं पाहावेना! ओरडली, हातवारे केले, पाय खाली सोडले! म्या वॉकर पुढं केला, कमरेले धरलं. एक पाऊल... दोन... सात पावलं चालली बाई, अन् मायच्या हातातून शेंग हिसकली! मी रडली, खोटं कशाले सांगू?

अन् फाईलीत काय लिवलं? 'रुग्ण चालला.' कोणं चालवला? पुस्तकात नाई, फाईलीतही नाई!

परवा आजीची बहीण आली, तिचेही गुडघेच. फॉर्मवर डॉक्टरच्या नावाच्या जागी तिनं लिवलं, 'वर्षाली'. साहेब म्हणे, "मंग ऑपरेशनही तूच कर!"

म्या म्हटलं, "नाई साहेब, कापाचं तुमी, चालवाचं मी."

साहेब लय हसले... अन् हसता हसता, तिले चालवासाठी मायी पुढच्या हप्त्याची सुट्टी रद्द करून गेले!